शिवेपलीकडची चूल

आमच्या घरी मटण स्वयंपाकघरात शिजत नाही. त्याची चूल वेगळी, पातेली वेगळी, आणि शिजवायचं काम बाप्यामाणसाचं. गोठ्याच्या मागं पत्र्याखाली तीन दगड मांडलेत, ते माझ्या बापाच्या वेळचे. बायको कांदा चिरून देते, खोबरं भाजून वाटण करून देते, पण पातेल्याला हात लावत नाही. हल्लीच्या सुना गॅसवर कुकर चढवून मटण उरकतात. त्यांना माझी ना नाही. मी फक्त ते खात नाही.

गावच्या जत्रेला देवाच्या बोकडांचं मटण मीच शिजवतो. मिसरूड फुटलं तेव्हापासून पळा माझ्या हातात आहे. पितळेची मोठी वाटी आणि पुरुषभर लांब दांडा, चालताना खांद्यावर टाकावा लागतो असा हा पळा. आमच्या जत्रेचा एक नेम आहे. देवाला निवद दाखवल्याशिवाय कुणी चव घ्यायची नाही, शिजवणाऱ्यानं तर नाहीच. मग मीठ कसं कळतं? मला वासावर कळतं. उकळीच्या आवाजावर कळतं. तवंग पळ्याच्या कडेला कसा धरतो त्यावर कळतं. सबंध गाव जेवून उठतं, मी शेवटी पानावर बसतो, तेव्हा कुठं माझ्या तोंडाला रस्सा लागतो. घरीही मी तसंच करतो. मीठ चुकलं असं आजवर कुणी म्हणालेलं नाही. म्हणायची कुणाची छाती नसेल, असं बायको म्हणते.

हे आधी सांगायचं कारण, मागल्या थंडीत आमच्याकडे इटलीची म्हातारी आली.

माझी नात दुधाचं शिकायला इटलीला गेली होती. चीज कसं करायचं, कसं मुरवायचं, त्याची शाळा असते म्हणे. डोंगराखालच्या एका गावात ती या म्हातारीच्या घरी वरच्या खोलीत राहायची. पहिल्याच थंडीत पोरगी तापानं फणफणली, अन्न जाईना. तेव्हा ही म्हातारी तिच्या उशाशी बसली आणि स्वतः रांधून एकेक घास तिला भरवला. पुढं फोनवर दोघी म्हाताऱ्या एकमेकींना दिसल्या, तर आमची इकडं रडायला लागली आणि ती तिकडं. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती. पोरगी शिकून परत आली, नगरला डेअरीत लागली, आणि म्हातारीला आमच्याकडे यायचं बोलावणं देऊन ठेवलं. ती तिला नोन्ना म्हणते. तिकडं आजीला नोन्ना म्हणतात. आम्हीही तेच म्हणायला लागलो.

नोन्ना आली. काठीसारखी ताठ, माझ्याच वयाची, पांढऱ्या केसांचा बुचडा, पायात पुरुषी बूट. दारात बैल बघितले तशी सरळ गेली आणि जोडीतल्या मारक्या बैलाच्या गळ्याखालची पोळी खाजवायला लागली. मी ओरडणार, तेवढ्यात तो बैल मान लांब करून डोळे मिटून उभा. मला म्हातारी तिथंच पसंत पडली.

पण पहिल्याच जेवणाला घोटाळा झाला. बायकोनं मायेनं पिठलं, भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा वाढला. ताटात टाकणं बरं दिसत नाही म्हणून नोन्नानं डोळ्यांतून पाणी गाळत सगळं खाल्लं. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं. तालुक्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, पोट बसलं, पण अन्नावरची वासनाच गेली. भात नको, खिचडी नको. अर्धं केळं आणि दोन घोट ताक. बायकोनं बिनतिखटाचं वरण समोर ठेवलं की हसून पोटावर हात ठेवायची. मग मग तर जेवणाची वेळ झाली की आपणहून उठायची आणि गोठ्यात बैलांपाशी जाऊन बसायची. मंगळवारी मुंबईहून तिचं विमान होतं.

जिनं आमच्या पोरीला परमुलखात घास भरवला, ती आमच्या दारातनं उपाशी जाणार. बायकोच्या गळ्याखाली भाकरी उतरेना. माझ्या उतरत होती, पण गोड लागत नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी नात म्हणाली, "आबा, मी तिला उद्या नगरला नेते. तिथं पिझ्झा वगैरे मिळतो. मंगळवारपर्यंत हॉटेलातच राहू."

"घरची पाहुणी हॉटेलात जेवनार? तू आजारी हुतीस तवा तिनं तुला हॉटेलात नेलं हुतं?"

"नाही."

"मग काय घातलं खायला?"

पोरगी आजीकडे बघत जरा दबकतच बोलली. तिकडं ते बैलाचं करतात. मोठे तुकडे द्राक्षाच्या दारूत भिजवायचे आणि झाकण घालून दुपारभर मंद आचेवर शिजवायचे. ब्रासातो म्हणतात त्याला. त्याच्याबरोबर मक्याच्या भरड्याचा घाटा खातात.

बायको म्हणाली, "मका बी मानसंच खात्यात नि बैल बी मानसंच खात्यात. मग जनावरांनी कुठं जायचं गं तिकडं?"

"बैलाचं काय आपल्या दारात व्हायचं न्हाई," मी म्हणालो. "बोकडाचं करू. मी करतो."

"आबा, तुम्हाला नाही जमायचं ते. त्यात तिखट नसतं, हळद नसते, खोबरं नसतं. वाटणच नसतं."

जमायचं नाही हा शब्द माझ्यासमोर काढू नये, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यात माझा मेव्हणा ओट्यावर चहा पीत बसलेला. बायकोचा हा धाकटा भाऊ शेजारच्या वस्तीवर राहतो. जत्रेत माझ्या चुलीला जाळ घालायचं काम त्याचं, आणि माझ्या पळ्यावर त्याचा कधीपासून डोळा. तो म्हणाला, "दाजी, बिनहळदीचं मटन म्हंजी आजाऱ्याचा काढा. ऱ्हाऊ द्या."

"रविवारी मी शिजवनार," मी म्हणालो. "ती पोटभर जेवली न्हाई, तर जत्रेचा पळा तुझा."

बोलून गेलो. मेव्हण्यानं कप खाली ठेवला आणि नातीला म्हणाला, "ऐकलंस न्हवं? तू साक्षीला."

खरी अडचण माझ्या त्यानंतर ध्यानात आली. आमच्या गावात दारूबंदी आहे. कागदावरची नव्हे, खरी. बायकांनी भट्टीची मडकी फोडली तेव्हा त्यांच्या पुढं मी होतो. देवळासमोर गावानं भंडारा उचलून शपथ घेतली, ती मी मोठ्यानं म्हटली आणि बाकीचे माझ्यामागून म्हणाले. शिवेच्या आत दारू येणार नाही आणि आमच्या ओठाला लागणार नाही. तेव्हापासून गावात लग्नाचं वऱ्हाड आलं तरी मी वेशीत उभा राहून एकेकाचं तोंड हुंगतो. लोक चिडतात. चिडू देत.

"दारूच्या जागी डाळिंबाचा रस घालू," मी नातीला म्हणालो.

"गोड होईल, आबा." ती आत गेली आणि नोन्नाच्या बॅगेतून लोकरीच्या स्वेटरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. लाल द्राक्षाच्या दारूची बाटली. नोन्नानं ती माझ्यासाठी भेट म्हणून आणली होती, तिच्या भावाच्या मळ्यातली. आबांना देऊ नको, असं नातीनं आल्या आल्या तिला सांगितलं, म्हणून बॅगेतच राहिली.

म्हणजे ती आल्यापासून माझ्या घरात दारू होती. वेशीत लोकांची तोंडं हुंगणाऱ्याच्या घरात, भिंतीपलीकडं.

मेव्हणा हसता हसता ओट्यावरून खाली आला. "हसू नगं रं," बायको त्याला म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून स्वतःच हसायला लागली.

सकाळी उठलो तो ठरवूनच. ओढ्यापलीकडचं आमचं रान शेजारच्या गावच्या हद्दीत पडतं. ओढ्याच्या काठाला म्हसोबा आहे. शेंदूर लावलेला दगड, दोन्ही गावांची शीव राखणारा. चूल त्याच्या पलीकडं मांडायची. राहिला प्रश्न बाटली तिथवर न्यायचा.

"पिशवीत घालून देते," नात म्हणाली.

"पिशवीत चोर नेत्यात."

रविवारी सकाळी चांगलं ऊन पडल्यावर मी बाटली हातात धरून, सगळ्यांना दिसेल अशी, गावाच्या मधल्या रस्त्यानं निघालो. पारावरची मंडळी उठून उभी राहिली.

"आबा, हातात काय हाय?"

"दारू हाय."

"कुठं निगाला?"

"गावाच्या भाईर काढतोय."

खोटं काहीच नव्हतं. गावात शिरलेली दारू मी गावाबाहेरच नेत होतो. मागं मेव्हणा, डोक्यावर पातेलं आणि खांद्यावर माझा पळा, तो आत्ताच आपला झाल्यासारखा चालत होता. त्याच्यामागं निम्मा पार.

मटण मी स्वतः उभा राहून आणलं होतं, मागच्या मांडीचं, नळीसकट. रानातल्या मोटारीच्या पाण्यात धुतलं. धुतलेल्या मटणाला हळद-मीठ चोळणं माझ्या हाताला डोळे मिटून येतं. हळद मेव्हण्यानं पुडीत बांधून आणली होती, सवयीनं. मी चिमूट उचलली आणि नातीनं माझं मनगट धरलं.

"आबा."

"हात हाय त्यो. त्याला काय कळतंय इटली."

मग ती फोनमधून ग्रॅम आणि मिलिलिटर वाचायला लागली. मी शाळा दुसरीतच सोडली. म्हणालो, मापं तुझ्यापाशी ठेव, काय काय पडतं तेवढं सांग. कांदा, गाजर, तमालपत्र, लवंग, दालचिनी, मिरी. ऐकून जिवाला बरं वाटलं, ही सगळी आमच्याच डब्यातली मंडळी. सेलरी नावाचा कसला तरी पाला लागतो म्हणाली, तो नव्हता. त्याच्या जागी बायकोनं दारातल्या कुंडीतली ओव्याची पानं आणि कोथिंबिरीचे देठ बांधून दिले होते.

बाटली नातीनं ओतली. मी लांब उभा राहिलो. मटण त्यात उन्हं डोक्यावर येईपर्यंत भिजलं, मग निथळून तुपात परतलं, आणि ते काळंलाल पाणी वरून परत ओतून झाकण घातलं. भिजवलेलं मटण लवकर परतत नाही, चर्रर्र करत पाणी सोडतं. मी पळ्यानं दाबून दाबून त्याला रंग आणला. तोवर मेव्हण्यानं बाभळीची लाकडं चुलीत सारली.

"जाळ नगं. निखारा पाहिजे," मी म्हणालो.

"निखाऱ्यावर मटन शिजल्यालं बघितलंय का कुणी?"

तो लाकूड पुढं सारायचा, मी पळ्याच्या दांड्यानं मागं ओढायचो. दुपारभर हेच. पारावरची मंडळी कंटाळून जेवायला गेली.

खरं सांगायचं तर मी तेव्हा भ्यालो होतो. झाकणाच्या फटीतून जो वास येत होता तो आंबट, उग्र, द्राक्षाच्या सडक्या पेटीसारखा. आजवर पातेल्यानं मला सगळं सांगितलंय, मीठ, पाणी, शिजलं किती, राहिलं किती. हे पातेलं काहीच सांगत नव्हतं. मीठ मी हात आखडूनच घातलं. मेव्हणा माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी पातेल्याकडे बघत होतो.

उन्हं कलायला लागली तसा वास फिरला. आंबटपणा खाली बसला आणि गुऱ्हाळावर काहील उतरायच्या वेळी येतो तसा गोडसर, जड वास ओढ्याकडं जायला लागला. पारावरची मंडळी परत आली. काही जण घरून ताट घेऊनच आले.

थोड्या वेळानं बायको डोक्यावर मक्याच्या कण्यांचं पातेलं घेऊन आली. जनावरांच्या मुरघासासाठी लावलेल्या मक्यातली चार कणसं तिनं वाळवून ठेवली होती, ती जात्यावर भरडून तिनं घाट्यासारख्या कण्या केल्या होत्या. तिच्यामागून नात नोन्नाला स्कूटीवर घेऊन आली. नोन्नाचा चेहरा उतरलेला. माझी काठी टेकत ती ओढा ओलांडून आली, म्हसोबापाशी थांबली, नाक वर केलं. आणि मग काठी टाकून सरळ चुलीकडं आली, गळ्यातल्या रुमालानं झाकण उचललं, आणि कोटाच्या खिशातून चमचा काढला.

"ओ बाई, थांबा," मेव्हणा म्हणाला. मी पळा पातेल्यावर आडवा धरला.

"निवद व्हायचाय अजून," मी नातीला म्हणालो. "सांग तिला."

नातीनं सांगितलं. नोन्नानं मला काहीतरी विचारलं.

"ती विचारते, तुम्ही चाखलं का?"

"मी चाखत न्हाई."

"मग मीठ कसं कळतं?"

"वासावर."

नात तिच्या भाषेत बोलली आणि नोन्ना मोठ्यानं हसली. गावात आल्यापासून तिला असं हसताना आम्ही बघितलं नव्हतं. मग काहीतरी बोलली, तर नात तोंड फिरवायला लागली.

"काय म्हनली? सांग."

"म्हणते, वासानं पोट भरत असतं तर मी इथं आल्या दिवशीच जेवले असते."

जमलेले सगळे हसले. मेव्हणा जास्तच हसला.

"अजून म्हणते, रांधणाऱ्यानं आधी स्वतः खाऊन दाखवायचं, तिच्या घरची रीत आहे. तुम्ही खाल्लं तर ती खाईल."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. दारूत शिजलेलं मटण, आणि मी ते ओठाला लावायचं, ज्यांनी माझ्यामागून शपथ म्हटली त्यांच्यासमोर. शीव मागं राहिली होती, पण ओठ माझ्याबरोबरच होते.

"आबा, दारू केव्हाच उडून गेली," नात हळूच म्हणाली.

"शपथ उडत न्हाई."

"मग ती उपाशी जाईल."

नोन्ना चमचा धरून तशीच उभी. तीही हट्टी, हे मला तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं. अशी माणसं मी ओळखतो. आमच्या आरशात रोज एक दिसतो.

तेव्हा बायको कण्यांचं पातेलं खाली ठेवत म्हणाली, "अवो, म्हसोबाला दाखवा की निवद. त्यो खातोय की मटन. एकदा परसाद झाला म्हंजी झालं. परसाद खानार न्हाई अशी कुठं तुमी शपथ घेतली हुती?"

पारावरच्या एका म्हाताऱ्यानं मान डोलावली. "बरोबर बोलली वहिनी."

मी पळसाच्या पानावर एक नळी आणि वर दोन थेंब रस्सा वाढला, म्हसोबापुढं ठेवला, पाणी फिरवलं, हात जोडले. नोन्नानं माझ्या शेजारी उभं राहून कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावली. म्हसोबानं दोघांचंही ऐकून घेतलं असावं. मग तिनं तिचा चमचा भरून माझ्यापुढं धरला.

मी खाल्लं.

मीठ कमी होतं. थोडं नव्हे, चांगलंच कमी. मेव्हणा माझ्या तोंडाकडे असा बघत होता, जसा माझा पळा माझ्याच घशातून बाहेर येणार आहे.

"म्हसोबानं मीठ खाल्लं," मी म्हणालो.

बायको म्हणाली, "देवाला आज तेवढंच गावलं वाटतं." आणि ओढ्याच्या काठाला जी हसण्याची लाट उठली ती थांबेना. मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू गेली असं नंतर लोक सांगत होते.

मी मिठाचा डबा नोन्नापुढं केला. तिनं चिमटीनं घातलं, आणि ढवळायला माझ्या हातातनं पळा घेतला. तो तिच्यापेक्षा लांब होता, तरी तिनं तो दोन्ही हातांनी नीट फिरवला, तळापासून. परत चमचा माझ्यापुढं आला. मी परत खाल्लं. आधी आंबट, मग गोड, आणि सगळ्याच्या मागून मटणाची स्वतःची चव, जिच्यावर मी जन्मभर मिरची ओतत आलो. हाड हाताला लावलं तर मांस आपोआप खाली पडत होतं. मी मान हलवली.

मग ती पोत्यावर बसली आणि जेवली. कण्यांचा डोंगर करून मध्ये खड्डा, त्यात रस्सा, वर मोठा तुकडा. पहिलं ताट तिनं मान वर न करता संपवलं. दुसरं वाढल्यावर बायको तिच्याजवळ मांडी घालून बसली, मटण-कण्यांचा घास केला आणि तिच्या तोंडापुढं धरला. नोन्नानं तो घेतला. नात पलीकडं बघत उभी होती, चुलीचा धूर नसतानाही डोळे पुसत.

पोट भरल्यावर नोन्ना उठली, आणि पळा घेऊन पातेल्यामागं उभी राहिली. आता तीच वाढणार. मेव्हणा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, ती जेवली हे खरं. पन मीठ तिचं. निम्मा पळा तरी माझा हुतो."

"पळा माझ्याकडं हाय का? तिला माग."

तो ताट घेऊन गेला. तिनं त्याला भरपूर वाढलं. त्यानं एक हात पळ्याच्या दांड्याला लावून बघितला, तर तिनं त्याच हातावर चापट मारली आणि ताटात अजून एक नळी टाकली. तो परत येऊन माझ्याशेजारी बसला.

"न्हाई देत," म्हणाला, आणि नळी चोखायला लागला.

मला तिनं सगळ्यांच्या शेवटी वाढलं. ही आमची रीत आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वाढून झाल्यावर तिनं पातेलं वाकडं करून मला तळ दाखवला. काही राहिलं नव्हतं.

मंगळवारी ती गेली. गाडीत बसायच्या आधी गोठ्यात जाऊन मारक्या बैलाला भेटली. रिकामी बाटली रानातल्या मोटारीच्या खोलीत आहे, तिच्यात मी मोटारीला लागणारं तेल ठेवतो. गावात आणलेली नाही.

परवा जत्रा झाली. पळा माझ्याच हातात होता. निवद होईपर्यंत मी चाखलं नाही, नेम तो नेम. पण निवद झाल्यावर, गाव पानावर बसायच्या आधी, मी वाटीत दोन घोट रस्सा घेतला आणि सगळ्यांसमोर प्यायलो. मेव्हण्याचा जाळ घालायचा हात थांबला.

मीठ बरोबर होतं. हे तिकडं फोन करून सांग, असं मी नातीला तिथल्या तिथंच सांगितलं.